चातुर्मासातली कॅसेट

अण्णांना दोन आवाज होते. घरातला बारीक, थोडा नाकातला. ‘मीठ वाढ’ म्हणतानाही समोरच्याची परवानगी मागितल्यासारखा. घाटावरचा मात्र पोटातून यायचा आणि पाण्यावरून थेट पलीकडच्या काठापर्यंत जायचा. माझे वडील पंचवटीत गोदावरीच्या काठावर दशक्रियेचे विधी सांगायचे. माणूस गेला की दहाव्या दिवशी त्याच्या घरचे आमच्याकडे येत. लग्न, मुंज, सत्यनारायण ही कामं गल्लीतल्या इतर गुरुजींची, आमच्या वाट्याला फक्त गेलेली माणसं. त्यामुळे सणासुदीला आमच्या दारावरून जाताना लोक जरा भरभर चालत. आईला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं, पण शेवटी, सगळ्या बायका येऊन गेल्यावर. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. घरी येऊन नुसती पायावर पाणी घ्यायची आणि कणीक मळायला बसायची.

दुपारी दोनच्या सुमाराला अण्णा परत येत. आधी मागच्या अंगणातल्या नळाखाली आंघोळ, मग ओला पंचा दोरीवर, मग घरात पाऊल. सकाळभर भाताचे पिंड वळणाऱ्या माणसाला घरी भात नजरेसमोर नको असायचा. आमच्याकडे दोन्ही वेळा बाजरीची भाकरी, पिठलं, नाहीतर शेंगदाण्याची आमटी आणि तव्यावर रगडलेला ठेचा. भात आई आमच्या दोघांपुरता करायची आणि पातेलं झाकून पलीकडच्या कोपऱ्यात ठेवायची, अण्णांची पाठ वळली की आम्ही तो खायचो. अजूनही मी भात खाताना नकळत कोणाची तरी पाठ शोधतो. बायको म्हणते, तुमचं जेवण म्हणजे चोरी.

घरातला एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. घाटावरचे मंत्र घरात उच्चारायचे नाहीत. पाठ करायचे तेसुद्धा नदीवर जाऊन. बारा वर्षांचा झाल्यावर अण्णा मला पहाटे घाटाच्या तिसऱ्या पायरीवर बसवून शिकवायला लागले, आणि घराच्या वळणावर आलो की मी ओळ अर्ध्यात तोडून गप्प व्हायचो. आम्हाला त्यात भीती वगैरे काही वाटत नसे. चपला बाहेर काढतात, तसंच ते. विधीत जिथे मेलेल्या माणसाचं गोत्र आणि नाव घ्यायचं असतं, तिथे शिकणाऱ्याने ‘अमुक’ म्हणायचं असतं. अमुक गोत्र, अमुक नाव. शिकताना एखाद्या खऱ्या माणसाचं नाव तोंडात यायला नको. अण्णा विचारत, ‘नाव?’ आणि मी म्हणायचो, ‘अमुक.’ चार उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत हे इतक्या वेळा झालं की पुढे वर्गात हजेरीच्या वेळीसुद्धा एकदा माझ्या तोंडातून तेच निघालं आणि वर्ग हसला.

माझं स्वतःचं नाव या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहेच. या प्रकरणात मी ते लिहिणार नाही, आणि का लिहीत नाही तेच सांगायला हे प्रकरण लिहितोय. एवढं मात्र आधी सांगायला हवं की ते नाव आईने सुचवलं होतं. माझ्याआधी तिला दोन मुलगे झाले आणि दोघंही बारशाच्या आत गेले. मी बाराव्या दिवसापर्यंत टिकलो, पाळण्यात घातला गेलो, माझ्या कानात नाव सांगितलं गेलं. आई म्हणायची, ‘तुझं बारसं झालं आणि मी पहिल्यांदा पोटभर जेवले.’

आता बँडकडे येतो. अकरावीत मला सुनील भेटला. शरणपूर रोडला राहायचा, त्याचे वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. सुनील गिटार वाजवायचा, गाणी स्वतः लिहायचा, आणि एकदा गप्प झाला की दोन दोन दिवस बोलायचा नाही. त्यानेच मला जुनी बास गिटार दिली. तिला चारच तारा असतात आणि बोटं जाड असली तरी चालतात, म्हणून ती माझ्यासाठी, असं त्याचं म्हणणं. तिसरा इम्तियाज, भद्रकालीतल्या ब्रासबँडवाल्यांच्या घरातला. त्याचे आजोबा, वडील, चुलते सगळे वराती वाजवणारे. तो सहाव्या वर्षापासून साइड ड्रम गळ्यात अडकवून नवरदेवाच्या घोड्यापुढे चालत होता. मला तो ‘भटा’ म्हणायचा, सुनीलला ‘पाद्री’. बँडचं नाव आम्ही ठेवलं ‘गाळ’. पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर जो राहतो, तो.

आमची अडचण अशी की इम्तियाजला लग्नसराईत मान वर करायला वेळ नसायचा. तो मोकळा व्हायचा तो आषाढीला मुहूर्त संपले की, आणि तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा गेला. म्हणजे ‘गाळ’ हा बँड वर्षातून चारच महिने जिवंत असायचा. लोक चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, आम्ही चातुर्मासात गिटारी काढायचो. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी एकवीस वर्षांचा होतो, आणि आम्ही ठरवलं की या चार महिन्यांत कॅसेट करायची. दुसऱ्यांची गाणी वाजवायची नाहीत. नाचण्यासारखं एकही गाणं ठेवायचं नाही. कॅसेट स्वतःबद्दल असेल, आतून उकरून काढलेली. सुनीलने नावही आधीच ठरवून टाकलं होतं, ‘आतल्या बाजूने’.

सुनीलच्या आतेभावाने मस्कतहून चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन आणलं होतं. सगळं रेकॉर्डिंग त्या मशीनवर, आणि जागा म्हणजे इम्तियाजच्या घरच्या बँडच्या दुकानामागची खोली. चार महिने वापर नसल्यामुळे बँडवाल्यांचे लाल कोट तिथे भिंतभर टांगलेले असायचे, खांद्यावर सोनेरी झालर लावलेले. त्या कोटांनी आवाज असा काही गिळला जायचा की टाळी वाजवली तरी ती लगेच मरायची. घामाचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि पितळ घासायच्या पावडरचा वास तिथे कायम असे. त्या वासात मी आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ घालवला. बाहेर रिक्षा, भजीवाल्याचा झारा, मशिदीतली अजान, आणि आत आम्ही तिघं, वीस-पंचवीस बिनमाणसांच्या कोटांसमोर वाजवत बसलेले.

काय काय केलं म्हणून सांगू. इम्तियाजने चुलत्याच्या भल्यामोठ्या पितळी भोंग्यात सूर न लावता नुसता श्वास सोडला आणि आम्ही तो सलग पाच मिनिटं टेप केला. पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यावर काठी मारली. मी घरून आईच्या पोळपाटाचा आवाज टेप करून आणला. तो उलटा वाजवला तर कोणीतरी जिना चढतंय असं वाटायचं. गाण्यांना धृपद नव्हतं, दोन गाण्यांमध्ये जागा नव्हती. सुनील पुटपुटल्यासारखं गायचा: ‘माझ्या घरात मी राहत नाही, माझ्या ताटात कोण जेवतं?’ इम्तियाज वैतागून म्हणाला, ‘अबे पाद्री, हा काय ताल आहे? यावर घोडासुद्धा पुढे सरकणार नाय.’ पण वाजवला त्याने, आणि असा वाजवला की तसा ताल मी पुन्हा ऐकला नाही.

शेवटचा तुकडा माझा होता. बासचा एकच सूर धरून त्यावर मी घाटावरचा विधी म्हणायचा, अशी सुनीलची कल्पना. ही जागा घर नव्हती, त्यामुळे नियम मोडत नव्हता, असं मी मनाशी ठरवून टाकलं. डोळे मिटले आणि अण्णांचा तो दुसरा आवाज माझ्या पोटातून निघाला. मीच दचकलो. ‘अमुक गोत्र, अमुक नाव’ इथपर्यंत आलो आणि सुनीलने कानावरचे हेडफोन काढले.

‘हा अमुक कोण?’

मी समजावून सांगितलं.

‘मग बरोबर,’ तो म्हणाला. ‘ऐकू येतंय ते. बाकी सगळं खरं वाटतं आणि तिथे आलं की तू पाठांतर म्हणतोयस असं वाटतं. नाव घे कोणाचं तरी.’

‘कोणाचं घेऊ? मेलेला माणूस लागतो.’

‘मेरा मत लेना हां,’ इम्तियाज घाईघाईने म्हणाला. ‘अम्मीला कळलं तर ती आधी मला मारेल, मग तुला.’

आम्ही हसलो. सुनील हसला नाही. तो म्हणाला, ‘आपली कॅसेट कोणाबद्दल आहे?’

मी पुन्हा डोळे मिटले आणि माझं गोत्र, माझं नाव घेतलं. त्या नावाला प्रेत म्हटलं. पहिल्या पिंडापासून शेवटच्या तिलांजलीपर्यंत, एकही ओळ न गाळता, पंधरा मिनिटं. अर्धवट सोडायची सवयच नव्हती, तसं शिकवलंच नव्हतं मला. संपलं तेव्हा इम्तियाज उठला आणि ड्रमवर फडकं टाकून चहा सांगायला बाहेर गेला. सुनील म्हणाला, ‘हेच.’ मला फार आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा वाटलं की मी मोठा कलावंत आहे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात कॅसेटच्या प्रती हातात आल्या. काळं कव्हर, त्यावर रिकाम्या लाल कोटाचा फोटो. मी एक प्रत घेऊन घरी आलो. अण्णा घाटावर होते, आई भाजी आणायला बाजारात गेली होती. मी फक्त सुरुवात ऐकणार होतो. मग पुढचं ऐकलं, मग बाजू पालटली, आणि नंतर कशाचंच भान राहिलं नाही. आई कधी आली मला कळलं नाही. टेप संपून बटण खटकन वर आलं तेव्हा ती उंबऱ्याबाहेर उभी होती, हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली. आईला संस्कृत येत नव्हतं. पण तो सूर तिला कळणार नाही तर कोणाला, आणि नाव तर तिनेच दिलेलं.

ती घरात आली नाही. ओरडली नाही, रडली नाही. बाहेरच्या पायरीवर बसली आणि मी किती वेळा हाक मारली तरी उठली नाही. शेजारच्या काकू विचारून गेल्या, ‘काय हो, बरं नाही का?’ आई म्हणाली, ‘बसलेय जरा.’ दोन वाजता अण्णा आले. तिने त्यांना काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. अण्णा अंगणातूनच, अंगावरच्या ओल्या पंच्यासकट म्हणाले, ‘ते यंत्र घे. सेल घाल त्यात. घाटावर चल.’

तिसऱ्या पायरीवर मी टेपरेकॉर्डर ठेवला. अण्णांनी पूर्ण कॅसेट ऐकली. दोन्ही बाजू, पहिल्यापासून.  भोंग्यातला श्वास, पत्र्याचा डबा, पोळपाट, सुनीलचं पुटपुटणं, सगळं त्यांनी एखादा पाठ ऐकावा तसं मान खाली घालून ऐकलं. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका हा कसला गोंगाट म्हणून बघत होत्या. शेवटचा तुकडा सुरू झाला तेव्हा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले आणि माझं नाव आलं तिथे थांबले. मग पुन्हा हलले नाहीत.

‘उच्चार स्वच्छ आहेत,’ टेप संपल्यावर ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ‘तो ढोलवाला मुलगा कोणाचा? चांगला आहे. थांबायचं कुठे ते कळतं त्याला.’

मला वाटलं, सुटलो.

‘पण तू पूर्ण म्हटलास रे. अर्धवट म्हटला असतास, एखादी ओळ चुकला असतास, तर गोष्ट वेगळी. हे लागू झालं.’

‘अण्णा, ते गाणं आहे.’

‘असेल. मी गाण्याचं बोलत नाहीये.’ आवाज घरातलाच होता, बारीक. ‘माणूस परगावी मेला असं समजून घरच्यांनी क्रिया उरकली आणि तो जिवंत परत आला, तर काय करायचं ते ठरलेलं आहे. अंगाला तूप लावून आंघोळ. आईच्या मांडीवर बसायचं. मी पुन्हा नाव ठेवीन. दीड तासाचं काम आहे, बाहेरच्या कोणाला बोलवायचं नाही. येत्या रविवारी करू.’

मी हसलो. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, कॅसेटमधलं काही विसरेन पण तो नाही. मी म्हणालो, एकवीस वर्षांचा घोडा आईच्या मांडीवर बसवणार का? मी म्हणालो, हे सगळं आम्ही मानत नाही, ही कला आहे, तुम्हाला नाही कळायचं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग टेपरेकॉर्डर स्वतः उचलला, त्यावरचं पाणी पंच्याने पुसलं आणि पायऱ्या चढायला लागले.

आज मी यावर विचार करतो तेव्हा अंगावर काटा येतो. आम्हाला आमची कॅसेट लोकांनी गंभीरपणे घ्यायला हवी होती. शब्द न् शब्द खरा मानायला हवा होता. आणि अख्ख्या नाशिकात ती तशी घेणारा एकच माणूस निघाला. त्याला मी सांगितलं की अहो, गाणंच तर आहे.

रविवारी आईने सगळी तयारी केली. पाटाभोवती रांगोळी काढली, चांदीच्या वाटीत तूप पातळ केलं, बारशाला करतात तशा हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या, खोबरं घालून. नवा शर्ट आणून ठेवला होता, त्याची टाचणीसुद्धा काढून ठेवली होती. त्या दिवशी अण्णांनी घाटावरचं काम दुसऱ्याला दिलं होतं. तसं त्यांनी कधीच केलं नव्हतं. मी चहा प्यायलो आणि बास खांद्याला लावून निघालो. आई दारापर्यंत आली. ‘माझ्यासाठी बस,’ ती म्हणाली. ‘विश्वास नको ठेवूस. माझ्यासाठी तास-दीड तास नुसता बस रे.’

‘आई, मी बसलो तर ते सगळं खोटं ठरेल,’ मी म्हणालो आणि गेलो. आता कोणी विचारलं की ‘ते सगळं’ म्हणजे काय, तर मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी आलो तेव्हा रांगोळी पुसलेली होती. आईने ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, आणि वाटीत घुगऱ्या. मी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. तिने मला आणखी हव्यात का विचारलं, मी हो म्हणालो, आणि तिने आपल्या ताटातल्या उचलून माझ्या वाटीत घातल्या. स्वतः तिने त्यातली एकही खाल्ली नाही.

त्या दिवसापासून अण्णांनी माझं नाव घेतलं नाही. हे रागाने नव्हतं, ही गोष्ट मला समजायला फार वर्षं गेली. ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत. ‘जेवलास का?’ ‘छत्री ने.’ ‘अरे, दिवा मालव.’ सायकलची हवा गेली तर न सांगता भरून आणत. फक्त नाव येत नसे. पाहुण्यांना सांगताना ‘हा आमचा मुलगा’ एवढंच. मीही ईर्ष्येला पेटलो होतो, बघू म्हटलं किती दिवस. आई मात्र मला गरज नसतानाही नावाने हाका मारायची, तीसुद्धा मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल अशी.

‘गाळ’चं पुढे काय झालं ते दोन वाक्यांत सांगण्यासारखंच आहे. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही ती कॅसेट वाजवली, तिसऱ्या मिनिटाला पोरांनी सिनेमाच्या गाण्यांच्या फर्माइशी सुरू केल्या आणि सहाव्या मिनिटाला कोणीतरी लाइट घालवले. तुळशीचं लग्न लागलं, इम्तियाजने लाल कोट अंगात चढवला, आणि पुढच्या चातुर्मासापर्यंत त्याच्या वडिलांना दम्याने घेरलं म्हणून सगळा बँड त्याच्या गळ्यात आला. सुनील आतेभावाच्या मागोमाग मस्कतला गेला. मी सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागलो. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी शेअर जीपमध्ये दाटीवाटीने यायचं. बास माळ्यावर गेली. उरलेल्या प्रती बरेच दिवस दुकानाच्या पोटमाळ्यावर होत्या, नंतर इम्तियाजनेच त्या पुसून त्यांवर वरातीची गाणी भरली. त्याला मी दोष देत नाही.

आता कोणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर चढवली आहे. मुलं मला शोधून पत्रं लिहितात. त्यांना शेवटचा तुकडा फार आवडतो. एकीने लिहिलं, ‘तो आवाज ऐकून खूप शांत वाटतं.’ मी तिला आभार कळवले.

आई आधी गेली, दोन दिवसांच्या तापाने. मी मुंडण करायला घाटावर बसलो तर अण्णा न्हाव्याला म्हणाले, ‘त्याचं नको. माझं कर.’ नवऱ्याने करायला हरकत नसते, पण मुलगा असताना? लोक बघायला लागले. अण्णांनी स्वतः पिंड वळले, स्वतः मंत्र म्हटले, स्वतः पाणी सोडलं. मी पाच पायऱ्या वर उभा होतो, केस जसेच्या तसे, मावशीच्या बाजूला. मेलेल्या माणसाला दुसऱ्या मेलेल्याला पाणी देता येत नाही, हे तिथे जमलेल्यांत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांनी एकेक पिंड ठेवला आणि मी जागचा हललो नाही. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं, अण्णा, करा ते काय करायचं ते. म्हणालो नाही. आई नसताना त्याचा काय उपयोग, असं वाटलं. खरं म्हणजे लाज वाटली.

पुढे काही वर्षांनी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. सहा दिवस हॉस्पिटल. तिसऱ्या दिवशी दुपारी नामपूरकडची एक सिस्टर त्यांची शुद्ध तपासायला आली. जाडजूड, हसरी बाई. ‘बाबा, आपलं नाव सांगा बरं.’ अण्णांनी सांगितलं, जीभ जड झाली होती पण स्पष्ट. ‘गाव?’ ‘नाशिक. पंचवटी.’ ‘आज वार कोणता हाय?’ अण्णांनी वार सांगितला, वर तिथी सांगितली, नक्षत्रसुद्धा सांगितलं. सिस्टर हसली. ‘लय हुशार हायेत बाबा. आता हे सांगा, हा तुमचा मुलगा ना? याचं नाव काय?’

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. 

‘नाव ठेवायचं राहिलंय,’ ते म्हणाले.

सिस्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘टेन्शन घेऊ नका. असा झटका आला की थोडा गोंधळ व्हतो.’ मी मान हलवली. त्या वॉर्डात अण्णांइतका शुद्धीवर दुसरा माणूस नव्हता.

ती गेल्यावर मी कॉटजवळ खाली बसलो. म्हटलं, ‘अण्णा, घरी गेलो की करू. लगेच करू. तुम्ही सांगा, मी बसतो.’ त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग तो बारीक आवाज आला.

‘आता कोणाच्या मांडीवर बसशील?’

मी त्यांचा हात धरला. त्या हाताला संवेदना नव्हती, हे मला नंतर आठवलं. सहाव्या दिवशी ते गेले.

दहावा दिवस सांगायला गोविंदकाका होते. अण्णांच्या हाताखाली शिकलेले, मला लहानपणापासून ओळखणारे. न्हाव्याने या वेळी माझे केस काढले. डोक्याला वारा लागत होता. काकांनी मला तिसऱ्या पायरीवर बसवलं, ती पायरी त्यांनी मुद्दाम निवडली होती की तीच तेवढी रिकामी होती, मला माहीत नाही. दर्भ बोटात घातला, हातावर पाणी सोडलं. संकल्पात कर्त्याने स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारायचं असतं, ते दुसऱ्याने घेऊन चालत नाही. काका अण्णांचेच शिष्य, त्यामुळे विचारायची पद्धतही तीच.

‘नाव?’

‘अमुक,’ मी म्हणालो.

काका थांबले. त्यांना वाटलं असेल, दुःखात जीभ जुन्या सवयीने वळली. ते माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, ‘शिकायला नाही बसलास रे. नाव सांग.’

हातातलं पाणी बोटांमधून गळत होतं. मी पुन्हा तेच म्हणालो.